एका अक्षराने उणा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी टाइप आहे, म्हणजे छपाईच्या अक्षरांचा संच. जाड, काळा आणि टोकदार. आमच्या घराण्याला ब्लॅकलेटर म्हणतात. तुम्ही मला कुठे ना कुठे पाहिलेच असेल. वर्तमानपत्राच्या माथ्यावर, पदवीच्या कागदावर, एखाद्या बाटलीच्या लेबलावर. मी भारदस्त आहे, माझ्यात छापलेले खरे वाटते, असे लोक म्हणतात. तेच तर सांगायचे आहे. मी एकदा एका जिवंत बाईला मेलेली म्हणून छापले, आणि ते वाचून एक म्हातारी खरोखरच मेली.

मला एका कोरणाऱ्याने घडवले. रुंद टाक तिरका धरून ओढला की जशी रेघ उमटते, तसे माझे वळण आहे. गोलाई कुठेच नाही. जिथे इतर अक्षरे वळतात, तिथे मी मोडतो. कोरणारा म्हणे, अक्षरात पांढरे जेवढे कमी तेवढा वाचणाऱ्याला धाक जास्त. सात वर्षे सुकवलेल्या जड लाकडाचे त्याने नव्वद ठोकळे केले. छोटी अक्षरे दोन-दोन, तीन-तीन, आणि शब्दाच्या आरंभी येणारी मोठी अक्षरे एकेकच. त्या मोठ्यांपैकी एक फार अवघड होते, पोटात दोन काटे आणि वर एक आकडा. ते कोरताना पटाशी सटकली आणि त्याच्या डाव्या अंगठ्याचे टोक गेले. रक्त अक्षराच्या पोटात मुरले. नंतर कितीही तेल चोळले तरी तो तांबूस डाग गेला नाही, आणि तसे दुसरे अक्षर करायचे त्याने नाव काढले नाही.

मला एका छापखान्याच्या मालकाने विकत घेतले, ते त्या डागाच्या अक्षरासाठी. त्याचे आडनाव त्याच अक्षराने सुरू होत होते.

हा जुना मालक कडक माणूस. त्याच्याकडे एक चाल होती. नवा जुळारी, म्हणजे ठोकळे ओळीत लावणारा कारागीर, कामावर आला की पहिल्या दिवशी त्याने माझ्यात स्वतःचेच शोकपत्र जुळवायचे. वर स्वतःचे नाव, खाली 'निधन', तारखेची जागा कोरी. "स्वतःचं मरण जुळवताना ज्याचा हात थरथरत नाही, तो कुठलाही मजकूर जुळवेल," असे तो म्हणे. त्या कागदाची एक प्रत काढून खणात ठेवायची आणि ठोकळे परत पेटीतल्या आपापल्या घरात. पुढे तो माणूस खरेच गेला, की खणातला कागद बघून तेच शोकपत्र पुन्हा जुळवायचे. त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. उलट, नवरा छापखान्यात लागला हे बायका अभिमानाने सांगत.

मालकाला दोन मुले. थोरली आक्का, धाकटा बाळ्या. दोघांनीही ही परीक्षा दिली. आक्का तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिने स्वतःचे नाव असे लावले की दोन ठोकळ्यांमध्ये केसही गेला नसता. वडिलांनी कागदाच्या कोपऱ्यात 'उत्तम' एवढेच लिहिले. बाळ्याच्या कागदावर त्यांनी काहीच लिहिले नाही.

वडील गेले तेव्हा छापखाना मुलाच्या नावावर झाला. आता तो मालक. पण गिऱ्हाईक दारातून आत आले की विचारायचे, "आक्का आहेत का?" आणि आक्का चारचौघांत म्हणायची, "बाळ्या, जरा शाईचा रूळ पुसून घे रे." तेहतीस वर्षांचा बाप्या, दोन मुलांचा बाप, मान खाली घालून रूळ पुसायचा. त्याच्या मानेवरची शीर मला दिसायची.

एकदा त्याने लिलावाची एक जाहिरात स्वतः जुळवायला घेतली. जास्त ठसठशीत दिसावी म्हणून सगळी मोठी अक्षरेच एका ओळीत लावली. आता मित्रांनो, माझ्या मोठ्या अक्षरांना शब्दाच्या आरंभी एकेकटे उभे राहायची सवय. ती शेजारीशेजारी आली की एकमेकांच्या डोळ्यांत काटे खुपसतात. जाहिरात भिंतींवर लागली आणि कोणालाही ती वाचता येईना. लिलावाला तीन माणसे आली.

"अरे, हे काय केलंस?" आक्का हसत सुटली. "हे काटेरी कुंपण झालं! बाहेरूनच बघायचं, आत शिरायचं नाही."

"तूच एक काय ती शहाणी," मालक म्हणाला.

"मी शहाणी नाही रे. तू उतावळा आहेस."

दुकानातले सगळे हसले. मालकाची बायकोही पडद्याआड हसली. ते हसू आक्काला पुढे फार महाग पडले.

त्यांची आई छापखान्याच्या मागच्या खोलीत राहायची. मध्ये नुसता पडदा. तिचे डोळे जवळजवळ गेले होते. पत्र, पुस्तक, वर्तमानपत्र, सगळे तिला राखेसारखे दिसे. फक्त मी दिसायचो. एवढा मोठा आणि एवढा काळा मीच होतो. म्हणून आक्काने एक रीत पाडली. रोज सायंकाळी काम आटोपले की ती माझ्यात आईसाठी एक ओळ लावायची, एक प्रत काढायची आणि दोरीवर टांगायची. माझी शाई जाड बसते, सुकायला रात्र लागते. सकाळी आई भिंत धरत यायची, कागदाला नाक लावायची आणि बोटाने ओळ वाचायची.

'आई, थंडी आहे. शाल घे.'

'आई, बाळ्या चिडलाय. जपून.'

कधी नुसतेच, 'आई, मी आहे.'

"आहेस गं, माहीत आहे मला," आई पडद्याआडून ओरडायची. "आधी चहा आण!"

मित्रांनो, मी जाहीरनामे छापले, पदव्या छापल्या, दारूची लेबले आणि 'आत येऊ नका'च्या पाट्या छापल्या. पण मला कोणी नाकाने वाचले असेल तर ते त्या म्हातारीनेच.

आक्काचे लग्न झाले नव्हते. दोन स्थळे आली होती. मालकाने दोन्ही परतवली. "तू गेलीस तर टाइपाची पेटी कोण सांभाळणार?" असे त्याने एकदा सरळच म्हटले. मग एक शाईवाला यायला लागला. दर दोन महिन्यांनी शाईचे डबे घेऊन यायचा, दोन दिवसांच्या वाटेवरून. नखे कायम काळी आणि तोंड कायम हसरे. डबे ठेवायला पाच मिनिटे लागत, त्याला दोन तास लागायचे. मालक त्याला 'काळनख्या' म्हणायचा. आक्का छत्तीस वर्षांची होती. या वयात तिने त्याच्याबरोबर जायचे ठरवले.

एका गुरुवारी दुपारी मालक कागद आणायला बाहेर गेला होता. आक्काने एका पिशवीत चार कपडे भरले. आई मागे झोपली होती. आक्का पडद्यापाशी जाऊन उभी राहिली. भावजय दारात होती, ती हळूच म्हणाली, "उठवा ना त्यांना, आक्का. सांगून तरी जा."

"उठवलं तर मोठ्याने रडेल. गल्ली गोळा होईल आणि बाळ्या अर्ध्या वाटेतून धावत येईल," आक्का म्हणाली. "मी ओळ लावून ठेवली आहे. सकाळी वाचेल ती."

तिने माझ्यात ओळ लावली होती: 'आई, महिन्याने न्यायला येते.' एक प्रत काढून तिने दोरीवर टांगली. ठोकळे चौकटीत तसेच आवळून ठेवले. कागद फाटला, उडाला, तर भावजय दुसरी प्रत काढू शकेल म्हणून. तिने सगळा विचार केला होता. तिने आईला उठवले नाही. तिने माझ्यावर भरवसा टाकला.

मालक संध्याकाळी आला. त्याने दोरीवरचा कागद वाचला. मग चौकटीतली ओळ वाचली, उलटी, छापखान्याच्या माणसांना वाचता येते तशी. बायकोला विचारले, "केव्हा?" ती म्हणाली, "दुपारी." "आणि तू बघत बसलीस?"

तो खणापाशी गेला आणि शोकपत्रांच्या गठ्ठ्यातून आक्काचे काढले. कोपऱ्यात 'उत्तम' लिहिलेले.

आता मित्रांनो, माझी अडचण समजून घ्या. माझ्यात ठोकळे मोजके. एक ओळ लागलेली असली की दुसरी लागत नाही. दुसरी हवी असेल तर पहिली मोडावी लागते. त्याने चौकट सैल केली. आक्काच्या ओळीतला एकेक ठोकळा उचलला आणि त्याच ठोकळ्यांनी तिचे नाव लावायला घेतले. 'आई' मोडले. 'येते' मोडले. ज्या अक्षरांनी मी घटकाभरापूर्वी म्हणत होतो की मी येते, त्याच अक्षरांनी मी म्हणायला लागलो की ती मेली. मला नाही म्हणता आले नाही. लाकडाला येत नाही.

शेवटी त्याने डागाचे मोठे अक्षर उचलले, आडनावासाठी. ते लावताना मात्र त्याचा हात थरथरला, आणि दोन ठोकळ्यांमध्ये फट राहिली.

पन्नास प्रती काढल्या. काळी चौकट, नाव, निधन आणि त्या दिवसाची तारीख. सकाळी गल्लीत लावायच्या, म्हणजे सगळ्यांना कळेल की ही आमच्यासाठी मेली. तेवढाच त्याचा बेत होता. आईपर्यंत ते जावे असे त्याच्या मनात नव्हते, असे तो पुढे बायकोला शंभर वेळा म्हणाला. पण हाताला सवय असते. ओल्या प्रती वाळायला दोरीवरच टांगायच्या. त्याने आक्काचा कागद काढून शाई पुसायला घेतला आणि त्या जागी शोकपत्रे टांगली. मग तो जेवायला गेला.

सकाळी आई आली. तिने पहिल्या कागदाला नाक लावले. बोट फिरले. थांबले. पुन्हा पहिल्यापासून फिरले.

आणि ती हसली. "अगं ए आक्के! ही कसली मेली थट्टा सकाळी सकाळी? जुना कागद कशाला उकरून काढलास?"

मालक यंत्रापाशी उभा होता. मित्रांनो, त्या क्षणी त्याने नुसते 'हो, थट्टाच' म्हटले असते तर माझी गोष्ट इथे संपली असती. तोंड उघडून दोन शब्द. पण 'थट्टा आहे' म्हटले की 'मग आक्का कुठे आहे?' हा प्रश्न आलाच असता. मग तिला सांगावे लागले असते की तुझी मुलगी तुझ्या मुलाला कंटाळून गेली, आणि तुलाही न्यायला येणार आहे.

"थट्टा नाही, आई," तो म्हणाला. "काल पुलावर गाडी उलटली. आक्का नाही राहिली."

"कुठे आहे ती? मला तिच्याजवळ ने."

"पाण्यात. सापडली नाही."

पडद्याआड भांडे पडले. ती भावजय होती.

मग गल्लीची पाळी आली. शोकपत्र वाचून सगळ्यांना खरे काय ते बरोबर समजले. आक्का शाईवाल्याबरोबर गेली, भावाने पाणी सोडले. मालक प्रत्येकाला म्हणाला, "म्हातारीसमोर काही बोलू नका. तिला सोसणार नाही." आणि कोणीही बोलले नाही. पाववाली येऊन आईचा हात धरून रडली, खरी रडली, आणि बाहेर पडल्यावर म्हणाली, "काळनख्याने नशीब काढलं हो!" शिंपी आला, डॉक्टर आले. एकूण एक माणूस त्या खोलीत जाऊन जिवंत बाईसाठी हळहळून आला. मालकाशी उगाच कोण वाकडे घेणार? आणि छापलेलेच होते ना, तेही माझ्यात.

आईने एक प्रत मागून घेतली. ती उशाखाली ठेवी, दिवसातून दहादा काढी आणि नाकाशी धरी. ती छापखानेवाल्याची बायको होती. पाचव्या दिवशी ती मुलाला म्हणाली, "बाळ्या, हे तू जुळवलंस का रे?"

"हो."

"आडनावाच्या पहिल्या अक्षरापुढे फट आहे. डावीकडे शाई जास्त बसली आहे." मग म्हणाली, "तिने केलं असतं तर असं झालं नसतं."

तिने खाणे कमी केले, मग सोडले. भावजयीने एकदा सगळा धीर एकवटला. पेजेची वाटी घेऊन बसली आणि म्हणाली, "सासूबाई, एक सांगू का? आक्का ना..." पडदा हलला आणि मालक खाकरला. "आक्का फार चांगल्या होत्या," तिने वाक्य पुरे केले.

तरी म्हातारी रोज सकाळी भिंत धरत दोरीपाशी यायचीच. दोरी चाचपायची. रिकामी असली की परत जायची. तेविसाव्या सकाळी ती आली नाही.

तिचेही शोकपत्र माझ्यातच जुळवले. आडनाव तेच, डागाचे अक्षर तेच.

त्यानंतर आठवड्याने, म्हणजे आक्का गेल्यापासून बरोबर महिन्याने, दार उघडले आणि आक्का आत आली. अंगावर नवे कपडे, हातात एक डबी. दारातूनच ओरडली, "आई, ऊठ! बांधाबांध कर. जावई बाहेर गाडी घेऊन उभा आहे. मोठ्या खिडकीची खोली घेतली आहे गं तुझ्यासाठी!"

पडद्याआडून कोणी चहा मागितला नाही.

समोरच्या भिंतीवर दोन शोकपत्रे लागली होती. आक्काने आधी आपले वाचले. मग शेजारचे.

"बाळ्या, हे काय आहे?"

"वाचता येतं ना तुला? सगळ्यांपेक्षा जास्त येतं."

भावजय पडदा सारून पुढे आली. रडत तिने सगळे सांगितले. शेवटी म्हणाली, "जाताना तुमचंच शोकपत्र छातीशी होतं, आक्का. सोडवता सोडवेना."

आक्का भावाजवळ गेली. तिचा आवाज अगदी साधा होता, रूळ पुसायला सांगावे तसा. "मी ओळ लावून ठेवली होती. माझी ओळ कुठे आहे?"

"अक्षरं पुरत नव्हती," मालक म्हणाला. "मोडली."

आक्का खाली बसली. हातातली डबी उघडी पडली. त्यात दांड्याचे भिंग होते, आईसाठी आणलेले. म्हणजे आईला माझ्याशिवायही काही वाचता आले असते. आक्काची पत्रे वाचता आली असती.

मग ती उठली. माझ्या पेटीपाशी आली. न बघता तिचा हात त्या घरात गेला आणि डागाचे मोठे अक्षर तिने उचलले.

"ठेव ते. छापखान्याचं आहे," मालक म्हणाला.

"आडनाव माझंही होतं. मला तूच पुरलंस ना? मग मेलेल्या माणसाबरोबर एवढं तरी जाऊ दे." दारात ती थांबली. "पुन्हा मला मारायचं झालं तर दुसरा टाइप बघ, बाळ्या."

ती गेली. ती आणि ते अक्षर, दोन्ही मला पुन्हा दिसली नाहीत.

त्या दिवसापासून मी एका अक्षराने उणा आहे. गिऱ्हाइके कमी झाली. माझ्यात नीट जुळवणारे कोणी नव्हते, आणि आक्का नाहीत म्हटल्यावर लोक दुसरीकडे जायला लागले. मालकाचे डोळे पुढे गेले, अगदी आईसारखेच. म्हातारपणी तो आक्काने तिथेच टाकलेले ते भिंग घेऊन बसायचा. ज्या भिंगातून म्हातारीने लेकीची पत्रे वाचायची होती, त्यातून तो शाईच्या थकलेल्या पैशांचे तगादे वाचायचा.

तो मेला तेव्हा मुलांनी चालीप्रमाणे त्याचे शोकपत्र खणातून काढले आणि जुळवायला घेतले. आडनावाच्या आरंभी अक्षरच नाही. शेवटी दुसऱ्या कुठल्या टाइपातले एक काटकुळे, बारके अक्षर घातले. माझ्या काळ्या धिप्पाड रांगेत ते कुबडीसारखे दिसत होते. पाववाली म्हातारी झाली होती, तिने चष्मा लावून वाचले आणि म्हणाली, "अगं बाई, मालक लंगडत गेले की!" अंत्यविधीला लोक हसू दाबत उभे होते. मी लाजलो नाही. खरे सांगतो, मला बरे वाटले.

पुढचे काय सांगू? यंत्रे भंगारात गेली. मला माळ्यावर टाकले. उंदरांनी तेलाच्या वासाने माझी टोके कुरतडली. एक मोठे अक्षर कित्येक वर्षे डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली होते. मग अक्षरे काढणाऱ्या एका मुलीने मला विकत घेतले, पुसले, माझे ठसे घेतले आणि मला संगणकात घातले. आता मी हजारो ठिकाणी आहे. शर्टावर, बाटल्यांवर, कानठळ्या बसवणाऱ्या गाण्यांच्या पोस्टरवर. एका पहिलवानाने मला छातीवर गोंदून घेतले आहे. त्या मुलीला एक अक्षर मिळाले नाही, म्हणून ते तिने अंदाजाने काढले. सुबक आहे. त्याच्या पोटात डाग नाही. ते आडनाव कोणी टाइप केले की मला ते शब्दात बसलेल्या परक्या माणसासारखे वाटते.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. लाकूड आहे, वर्षाकाठी चमचाभर तेल पुरते. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. जाड काळ्या अक्षरांत कोणाबद्दल काही वाईट वाचलेत तर आधी त्याच्या दारात जाऊन हाक मारून बघा. मी फक्त काळा आहे. खरा असेनच असे नाही.

आणि दुसरी. कधी घर सोडून जायची वेळ आली, आणि आत कोणी झोपलेले असले, तर निरोप कागदावर ठेवून जाऊ नका. ओळ मोडता येते. ते माणूस मोठ्याने रडले तर रडू द्या, गल्ली गोळा झाली तर होऊ द्या. पडदा सारा आणि त्याला उठवा.